आशियाची बातमी कशी आणतात: पडद्यामागचं काम, पायरीपायरीनं

१९ डिसेंबर २०११. दुपारी बाराला उत्तर कोरियाच्या सरकारी टीव्हीवर काळ्या पेहरावातली निवेदिका आली आणि रडवेल्या आवाजात तिनं किम जोंग इल गेल्याचं सांगितलं. गेले होते ते १७ तारखेला. मधले दोन दिवस जगाला पत्ता नव्हता. शेजारच्या दक्षिण कोरियाच्या गुप्तचर खात्यालाही ही बातमी टीव्हीवरूनच कळल्याचं नंतर उघड झालं.

अशा खंडातून बातमी आणायची तर धावपळ, ओळखीपाळखी, कॅमेरा हे सगळं लागतंच. पण त्याआधी एक सवय लागते. हाती आलेल्या प्रत्येक माहितीला विचारायचं: हे मुळात कुणी पाहिलं, आणि आपल्यापर्यंत कुणाच्या हातून आलं? परदेशी डेस्कवर नव्यानं बसलेल्यांसाठी आणि स्वतंत्रपणे बातमीदारी करू पाहणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. त्या सगळ्या या एकाच प्रश्नाभोवती फिरतात.

१. आधी घड्याळ लावा, मग तोंडं ओळखा

टोकियो आणि सोल भारताच्या साडेतीन तास पुढे. बीजिंग, सिंगापूर, मनिला अडीच तास. बँकॉक आणि जकार्ता दीड तास. काठमांडू फक्त पंधरा मिनिटं. एवढा पसरलेला चीन सगळा एकाच घड्याळावर चालतो, म्हणजे पश्चिम टोकाच्या काश्गरमध्ये सकाळी आठला हिवाळ्यात अजून काळोख असतो. बातमीत स्थानिक वेळ द्या आणि ती स्थानिक आहे हे लिहा. २०१५ चा नेपाळचा भूकंप तिथल्या घड्याळात ११.५६ ला झाला, भारताच्या घड्याळात ११.४१ ला. दोन्ही वेळा बरोबर; पण एकाच मजकुरात दोन्ही घुसल्या की दोन भूकंप झाल्यासारखं वाटतं.

मग प्रत्येक देशाचं अधिकृत तोंड कोणतं ते टिपून ठेवा. चीनची शिन्हुआ, उत्तर कोरियाची केसीएनए, इंडोनेशियाची अंतारा, मलेशियाची बर्नामा या सरकारी वृत्तसंस्था. जपानची क्योदो मात्र वृत्तपत्रांनी मिळून चालवलेली सहकारी संस्था आहे. हा फरक यादीत लिहूनच ठेवा. सरकारी संस्थेचा मजकूर टाकाऊ नसतो. सरकारला काय म्हणायचं आहे ते त्यातून शब्दशः कळतं, आणि कालपर्यंत वापरलेला एखादा शब्द आज गायब झाला असेल तर तेही कळतं. फक्त घटनेचा साक्षीदार म्हणून तो मजकूर उभा करायचा नाही.

जागतिक वृत्तसंस्थांची आशियातली मुख्यालयं बँकॉक, हाँगकाँग, सिंगापूर अशी विखुरलेली आहेत. हाँगकाँगमध्ये २०२० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं तिथला डिजिटल विभाग सोलला हलवायचं ठरवलं. वार्ताहर कुठून लिहितो हे कधीकधी कायदाच ठरवतो.

२. पहिला तास

हे काम शिकायला उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रासारखी बातमी नाही, कारण घटना डोळ्यांनी पाहणारा पत्रकार तिथे कुणीच नसतो.

४ ऑक्टोबर २०२२ ची सकाळ घ्या. क्षेपणास्त्र सुटलं आणि काही मिनिटांत जपानच्या होक्काइदो आणि आओमोरी भागांत जे-अलर्ट या सरकारी आणीबाणी यंत्रणेचा इशारा गेला: आडोसा घ्या. सोलमध्ये लष्कराच्या संयुक्त प्रमुखांचा दोन ओळींचा निरोप पत्रकारांच्या फोनवर आला. जपानच्या सरकारी यंत्रणांकडून वेगळी माहिती येऊ लागली. डेस्कवरची पहिली ओळ अशा तुकड्यांतून बनते, आणि ती साधारण अशी असते: ‘उत्तर कोरियानं क्षेपणास्त्र सोडलं, असं दक्षिण कोरियाच्या लष्करानं म्हटलं आहे.’ प्रकार, पल्ला, हेतू यातलं काही नाही. ते कळायचं असतं.

मग आकडे आले. दक्षिण कोरियानं पल्ला सुमारे ४,५०० किलोमीटर सांगितला, जपाननं सुमारे ४,६००. कोणता घ्यायचा? दोन्ही, ज्याचा त्याच्या नावानिशी. मधला ४,५५० लिहायचा मोह होतो; तसं केलं तर कुणीच न मोजलेला आकडा तुमच्या नावावर छापला जातो.

एरवी या बातमीचा शेवटचा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. केसीएनए छायाचित्रांसह क्षेपणास्त्राचं नाव जाहीर करते, मग तज्ज्ञ त्या छायाचित्रांवर तुटून पडतात. या वेळी दुसऱ्या सकाळी केसीएनएनं चकार शब्द काढला नाही. त्याबद्दलचा तपशील आला तो १० ऑक्टोबरला. अशा वेळी ‘प्योंगयांगकडून अद्याप काहीही जाहीर झालेलं नाही’ ही ओळ भरतीची नसते. ती बातमीच असते.

भूकंपात हाच खेळ आकड्यांशी चालतो. ११ मार्च २०११ ला जपानच्या हवामान संस्थेचा पहिला अंदाज ७.९ होता. तो ८.४ झाला, मग ८.८, आणि दोन दिवसांनी ९.०. कागदावर फरक १.१ चा दिसतो. ऊर्जेत तो सुमारे ४५ पट आहे. त्सुनामीचे पहिले इशारे त्या पहिल्या, कमी पडलेल्या आकड्यावरून निघाले होते. म्हणून पहिल्या तासात ‘प्राथमिक अंदाज’ हे शब्द आणि संस्थेचं नाव कापायचं नाही, जागा कितीही कमी असो. जपानी वाहिन्यांवर दिसणारा ‘७’ वेगळ्याच मोजपट्टीवरचा असतो हेही लक्षात ठेवा. ती शून्य ते सात अशी असते आणि एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरली ते सांगते. आणि हो, ‘रिश्टर स्केलवर’ हे शब्द आपल्याकडे बोटांतून आपोआप उतरतात. मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञांनी ती मोजपट्टी केव्हाच बाजूला ठेवली आहे.

मृतांच्या आकड्यासाठी पहिल्या मिनिटापासून एक तक्ता उघडा: पोलीस, रुग्णालयं, जिल्हा प्रशासन, मदत संस्था, आणि प्रत्येकापुढे वेळ. या रकान्यांची बेरीज कधीही करायची नाही. रुग्णालयानं मोजलेला मृतदेह पोलिसांनीही मोजलेला असतो. ढाक्याजवळच्या राणा प्लाझाची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली. तिथला आकडा आठवडे उलटले तरी वाढत राहिला आणि १,१३४ वर थांबला. इतके दिवस तक्ता नीट सांभाळला, तरच कालचा आकडा आज कशामुळे बदलला हे वाचकाला सांगता येतं.

३. परवानग्या आणि सामान

कंटाळवाणं काम, पण दौरा इथेच बुडतो. चीनमध्ये दीर्घ मुक्कामाच्या वार्ताहराला जे-१ व्हिसा लागतो, थोड्या दिवसांसाठी जे-२. तिबेटसाठी परदेशी पत्रकाराला वेगळी परवानगी घ्यावी लागते. भारतातही परदेशी पत्रकाराला पत्रकार व्हिसा आणि काही सीमाभागांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. अर्ज महिनोन्महिने पडून राहतात, आणि हातातला व्हिसाही कायमचा नसतो. मार्च २०२० मध्ये चीननं तीन बड्या अमेरिकी दैनिकांच्या अमेरिकी पत्रकारांना देश सोडायला लावला.

‘पर्यटक व्हिसावर जाऊन येऊ’ असं सुचवणारा कुणीतरी भेटतोच. पकडले गेलात तर तुम्हाला बहुधा परतीच्या विमानात बसवतील. तुमच्याबरोबर फिरलेला माणूस तिथेच राहतो.

सामानाचं तसंच. भारतात थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन विनापरवाना जवळ बाळगला तर अटक होऊ शकते, मग तो इतर देशांत कितीही सर्रास वापरात असो. ड्रोनबद्दल प्रत्येक देशाचा नियम निराळा. २०१७ साली म्यानमारच्या राजधानीत तुर्कस्तानच्या टीआरटी वाहिनीसाठी काम करणाऱ्या चमूला संसदेजवळ ड्रोन उडवल्याबद्दल पकडलं. शिक्षा चौघांना झाली. त्या चौघांत स्थानिक दुभाषा आणि गाडीचा चालकही होता. कॅमेऱ्यांची यादी अनुक्रमांकांसह करा आणि जिथे चालतं तिथे सीमाशुल्कासाठी एटीए कार्ने हा दस्तऐवज काढून ठेवा. नाहीतर परत येताना स्वतःच्याच लेन्सवर शुल्क भरायची वेळ येते.

४. स्थानिक सहकारी

धंद्यात याला फिक्सर म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही, कारण ज्याला फिक्सर म्हणतात तो बहुतेक वेळा त्या भागातला मुरलेला पत्रकार असतो. गाडी ठरवणं हे त्याचं सगळ्यात छोटं काम. कुणाकडे आधी जायचं, कुणासमोर वही काढायची नाही, कुठल्या गावात संध्याकाळी पाचनंतर थांबायचं नाही, हे त्याला ठाऊक असतं. परदेशी नाव असलेल्या बातमीचा निम्मा पाया त्यानं घातलेला असतो.

धोकाही त्याच्याच वाट्याला जास्त. चीनच्या नियमांप्रमाणे चिनी नागरिक परदेशी माध्यमासाठी पत्रकार म्हणून काम करू शकत नाही, फक्त ‘वृत्तसहायक’ म्हणून करू शकतो. बीजिंगमध्ये ब्लूमबर्गसाठी काम करणाऱ्या हेझ फॅन यांना डिसेंबर २०२० मध्ये ताब्यात घेतलं गेलं आणि त्या वर्षभराहून अधिक काळ कोठडीत राहिल्या.

म्हणून निघण्याआधी बसून ठरवा, आणि लिहून ठरवा: दिवसाचं मानधन किती, विमा कोण उतरवणार, अडकल्यास वकील कोण देणार, नाव छापायचं की नाही. नाव द्यायचं हा तुमचा मोठेपणा नाही. काही जणांना ते नकोच असतं, आणि तो निर्णय त्यांचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत फिरायचं कधी हे तो सांगेल. त्याच्या ‘नको’वर चर्चा नाही.

दुभाष्याबरोबर काम करायची एक पद्धत आहे. समोरची बाई दोन मिनिटं पोटतिडकीनं बोलते आणि दुभाषा म्हणतो, ‘ती नाही म्हणते.’ तिथेच थांबा. मधलं सगळं मागा, वाक्यावाक्यानं. अवतरण म्हणून वापरायचं वाक्य ध्वनिमुद्रित करा, आणि विषय नाजूक असेल तर दुसऱ्या भाषांतरकाराकडून ते पुन्हा ऐकून घ्या. गावात प्रश्न विचारताना आजूबाजूला कोण उभं आहे हेही टिपा. सरपंचासमोर दिलेलं उत्तर आणि शेतात दिलेलं उत्तर एकच असेल असं नाही.

५. आत जाता येत नाही तेव्हा

आशियातल्या मोठ्या शोधबातम्यांपैकी काही बाहेर बसून झाल्या आहेत. बझफीड न्यूजच्या पत्रकार मेघा राजगोपालन यांना २०१८ साली चीननं व्हिसा नाकारला. त्यांनी शेजारच्या कझाकस्तानात जाऊन चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगुर आणि इतर मुस्लिमांना डांबणाऱ्या छावण्यांतून सुटलेल्या माणसांशी बोलणं सुरू केलं. त्यांच्या चमूतल्या वास्तुविशारद ॲलिसन किलिंग यांच्या लक्षात आलं की बायडू या चिनी कंपनीच्या नकाशावर काही ठिकाणी झूम केलं की उपग्रहचित्राऐवजी कोरा चौकोन दिसतो. जिथे ज्ञात छावण्या होत्या तिथेही असेच चौकोन होते. मग ते कोरे चौकोनच शोधायचे, आणि तीच जागा दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहचित्रात पाहायची. भिंती, टेहळणी मनोरे, दरवाजे. अशी अडीचशेहून अधिक बांधकामं त्यांनी शोधली आणि २०२१ चं पुलित्झर मिळवलं. चित्रातली इमारत आणि सुटून आलेल्या माणसाचं वर्णन जुळलं, हा या कामाचा कणा होता. नुसत्या उपग्रहचित्रावर ‘ही छावणीच’ असं म्हणता आलं नसतं.

म्यानमारच्या इन दिन गावातल्या हत्याकांडाची बातमी दुसऱ्या तऱ्हेनं जोडली गेली. रॉयटर्सच्या वा लोन आणि क्यॉ सो ऊ यांनी दहा रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा माग काढला. गावातल्या बौद्ध रहिवाशांकडून छायाचित्रं मिळाली: आधी रांगेत गुडघे टेकून बसलेली माणसं, नंतर तीच माणसं मृत. छायाचित्रातली माणसं कोण हे सीमेपलीकडे बांगलादेशच्या छावण्यांत राहणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांनी ओळखून सांगितलं. एका बाजूची साक्ष मारेकऱ्यांच्या गावातून, दुसरी बळींच्या घरून, आणि दोघांची एकमेकांशी गाठ नाही. दोन स्वतंत्र स्रोत म्हणजे काय याचं याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही. दोघा पत्रकारांना १२ डिसेंबर २०१७ ला यांगूनमध्ये अटक झाली; पोलिसांनी जेवायला बोलावून हाती कागद दिले होते. बातमी सहकाऱ्यांनी पुरी केली आणि ते दोघे तुरुंगात असतानाच ती प्रसिद्ध झाली. त्यांची सुटका मे २०१९ मध्ये झाली.

याच्या उलट प्रकार रोज दिसतो. दहा संकेतस्थळांवर एकच बातमी असते आणि दहांचं मूळ एका वृत्तसंस्थेच्या एका ओळीत असतं. ते दहा स्रोत नव्हेत. तो एकच.

६. व्हिडिओ हातात आला की

आधी तो कुठे पहिल्यांदा टाकला गेला ते शोधा. त्यातली तीनचार स्थिर चित्रं काढून उलटा शोध घ्या, म्हणजे ते चित्र आधी कुठे आलंय ते शोधयंत्राला विचारा. गूगलवर नाही सापडलं तर यांडेक्स या रशियन शोधयंत्रावर पाहा. मग चित्राकडे पोलिसासारखं बघा: दुकानाच्या पाटीवरची लिपी, गाडीची नंबरप्लेट, विजेचे खांब, मागचा डोंगर, सावलीची दिशा, त्या दिवशी तिथे पाऊस होता का. टाकणारा सापडला तर मूळ फाइल मागा आणि त्याआधी-नंतर काढलेलं काहीही मागा. खरोखर तिथे असलेल्या माणसाच्या फोनमध्ये एकच व्हिडिओ सहसा नसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांनी ढाका सोडल्यावर एका जळत्या घराची दृश्यं भारतात वेगानं फिरली. घर हिंदू क्रिकेटपटू लिटन दास यांचं असल्याचा दावा होता. घर होतं मशरफे मोर्तझा यांचं, म्हणजे माजी कर्णधार आणि अवामी लीगच्या खासदाराचं. दृश्य खरं, जागा बांगलादेशातली, दिवसही तोच. खोटी होती ती ओळ. अशी चित्रं सगळ्यात चकवतात. आणि ही एक ओळ खोटी निघाली म्हणून अल्पसंख्याकांवर हल्ले झालेच नाहीत असंही होत नाही. त्या प्रत्येक घटनेची शहानिशा वेगळी करावी लागते.

विमानं दाखवणाऱ्या फ्लाइटरडारसारख्या साइट उपयोगी आहेत. त्या विमान कुठे आहे ते सांगतात. आत कोण आहे ते नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ ची उपग्रहचित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एकदा, दहा मीटरच्या बारकाव्यानं. जळालेलं गाव त्यात दिसतं, माणूस नाही. आणि पावसाळ्यात दक्षिण आशियाचं चित्र मागवलं तर आठवडेच्या आठवडे नुसते ढग हाती येतात.

७. सन, एकक, नाव

थायलंडच्या कागदावर २५६७ लिहिलं असेल तर ते २०२४. तैवानच्या कागदावर तेच वर्ष ११३, जपानच्या कागदावर रेइवा ६, म्हणजे सध्याच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं सहावं वर्ष. नेपाळचा विक्रम संवत आणि इराणची सौर हिजरी वर्षाच्या मध्येच बदलतात, तिथे महिना पाहिल्याशिवाय रूपांतर करू नका.

चिनी आणि जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते. पुढचं एकक थेट दहा कोटी. मराठीत आणताना मध्ये मिलियन-बिलियनच्या पायरीवर चढू नका, सरळ लाख-कोटीत या. शून्य हरवतं ते त्या मधल्या पायरीवरच.

चिनी, कोरियन नावांत आडनाव आधी. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी असलं तरी माणसाला शेवटच्या नावानं ओळखतात. बर्मी माणसांना आडनाव नसतंच, आणि इंडोनेशियात एकच नाव असलेली माणसं खूप. तेव्हा दुसऱ्या उल्लेखात नुसता शेवटचा शब्द ठेवून मोकळं होणं चालत नाही.

८. बोलणाऱ्याला काय होईल

२०१५ साली असोसिएटेड प्रेसच्या चार पत्रकार महिलांनी इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर गुलामासारखे राबवले जाणारे मासेमार शोधले. काही जण पिंजऱ्यात कोंडलेले होते. त्यांनी पकडलेली मासळी घेऊन निघालेल्या जहाजाचा माग उपग्रहावरून थायलंडपर्यंत काढला, बंदरातून निघणाऱ्या ट्रकांचा चार रात्री पाठलाग केला, मग अमेरिकी सीमाशुल्काच्या नोंदींतून माल कुणाकडे जातो ते जुळवलं. सगळं हातात असताना त्यांनी बातमी रोखली. मुलाखत दिलेली माणसं बेटावर असताना ती छापली असती तर त्यांचं काय झालं असतं ते उघड होतं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेला कळवलं, त्या माणसांना तिथून हलवलं, मग छापली. पुढे दोन हजारांहून अधिक जण सुटले. पुलित्झर २०१६ मध्ये आलं.

इतकी मोठी बातमी रोज नसते, पण प्रश्न रोजचाच आहे. नाव बदललं तरी गाव, वय आणि मुलांची संख्या दिली तर माणूस ओळखू येतो. छायाचित्रात चेहरा झाकला तरी हातावरचं गोंदण राहतं. फोन जप्त झाला तर त्यात कुणाकुणाचे क्रमांक आहेत? सीमा ओलांडण्याआधी हा हिशेब करा, रांगेत उभं राहून नव्हे.

९. लिहिणं

डेटलाइनमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या ठिकाण-तारखेच्या ओळीत, शहराचं नाव टाकायचं तर बातमीदार तिथे असायला हवा. डेस्कवर बसून ‘काबूल’ लिहू नका. ‘असे समजते’ आणि ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ यांचा वापर निम्म्यानं कमी करून पाहा. सूत्र अधिकारी आहे की व्यापारी, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढं तर सांगता येतंच. ज्याच्यावर आरोप आहे त्याला नेमके मुद्दे पाठवून उत्तराला वाजवी वेळ द्या. प्रसिद्धीच्या अर्धा तास आधी केलेला फोन म्हणजे वेळ देणं नव्हे.

वादातल्या जागांसाठी डेस्कचा एक नियम आधीच ठरलेला असावा. दक्षिण चीन समुद्राच्या एका भागाला फिलिपिन्स पश्चिम फिलिपिन्स समुद्र म्हणतो, व्हिएतनाम त्या समुद्राला पूर्व समुद्र. घाईत कुणाच्या पत्रकातलं नाव तसंच उचललं की त्या देशाचा दावाही नकळत उचलला जातो.

१०. प्रसिद्ध झाल्यावर

त्याच दिवशी स्थानिक सहकाऱ्याला फोन करा. कुणी विचारपूस करायला आलं का, अनोळखी गाडी दिसली का, एवढं विचारा, आणि आठवड्यानं पुन्हा विचारा. चूक दाखवून दिली तर दुरुस्ती वेळेसह मजकुरातच द्या. टिपणं, ध्वनिमुद्रणं आणि मूळ फाइली कूटबद्ध करून दोन ठिकाणी ठेवा, कारण मानहानीची नोटीस बातमीनंतर बऱ्याच उशिरानंही येते. स्ट्रिंगरचं, म्हणजे कामागणिक पैसे घेणाऱ्या स्थानिक बातमीदाराचं, बिल मात्र पडून राहू देऊ नका. पुढच्या वेळी रात्री दोनला फोन त्यानंच उचलायचा असतो.